जतन झालं म्हणजे नेमकं काय झालं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. पदवी बी.ए.ची, तीही मराठी विषय घेऊन. आज मी लिनक्समधल्या फाइल सिस्टिम या विषयावर बोलणार आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल की निवेदकांनी चुकीच्या माणसाला बोलावलं. पण एखाद्या विषयाकडे माणूस दोन वाटांनी जातो. एक आवडीची आणि दुसरी नुकसानीची. मी दुसऱ्या वाटेनं आलो. शिवाय हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही. ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे ते सगळेच तो सोबत घेऊन फिरत असतात, कारण त्या फोनच्या पोटात लिनक्सच आहे.

माझी आई सांगलीकडची. आमच्या घरात बोलणं दखनीत, पण अम्मी जात्यावर बसली की तिच्या तोंडी मराठी ओव्या असायच्या. तिच्या आईकडून आणि शेजारणींकडून आलेल्या. पुढे गिरणी आली, जातं माळ्यावर गेलं, ओव्या मात्र तिच्या डोक्यात राहिल्या. २००८ सालच्या हिवाळ्यात मी त्या उतरवून घ्यायला बसलो. ती सांगायची, मी कागदावर लिहायचो आणि रात्री संगणकावर टंकायचो. फेब्रुवारीपर्यंत एकशे बारा ओव्या एका फाइलमध्ये जमा झाल्या. संगणकात गेलं की कागद कशाला, म्हणून कच्चे कागद मी रद्दीत घातले. ही माझी पहिली चूक.

त्या संगणकावर माझ्या भाच्यानं लिनक्स बसवून दिलं होतं. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि नवं काही निघालं की त्याला धीर धरवत नसे. त्यानं कुठल्याशा वितरणाची चाचणी आवृत्ती आणून टाकली होती. एका संध्याकाळी मी दोन ओव्या दुरुस्त केल्या, फाइल जतन केली, तशी सूचनाही पडद्यावर आली. मी चहाला उठलो आणि लाइट गेली. भारनियमनाचे दिवस होते, त्यात विशेष काही नव्हतं. तासाभरानं लाइट आली. संगणक कसलीही कुरकुर न करता सुरू झाला. फाइल जागच्या जागी होती. नाव तेच, तारीख तीच. फक्त आकारापुढे लिहिलं होतं : शून्य बाइट.

भाचा आला, त्यानं बराच वेळ खटपट केली आणि म्हणाला, ‘‘मामू, डिस्क चांगली आहे. फाइल सिस्टिमसुद्धा चांगली आहे. फक्त फाइल गेली.’’

तेव्हा मला ती थट्टा वाटली. पण ते अक्षरशः खरं होतं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि ओव्या गेल्या होत्या. असं कसं होतं, हे समजून घेण्यात माझी पुढची काही वर्षं गेली. जे समजलं ते आज सांगतो.

संगणकाची डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक प्रचंड भिंत. लिनक्समध्ये एक खण सहसा ४०९६ बाइटचा धरतात. देवनागरीचं एक चिन्ह युनिकोडच्या रूढ पद्धतीत तीन बाइट घेतं, म्हणजे एका खणात साधारण साडेतेराशे चिन्हं मावतात. डिस्कला ओवी कळत नाही आणि फाइलही कळत नाही. कोणत्या फाइलचा कोणता तुकडा कितव्या खणात आहे, कोणते खण रिकामे आहेत, याची वही कुणीतरी ठेवावी लागते. ही वही आणि ती ठेवण्याचे नियम, म्हणजे फाइल सिस्टिम.

माझे अब्बा सांगलीच्या पेठेत हळदीच्या एका आडत दुकानात दिवाणजी होते, त्यामुळे मला हे प्रकरण त्यांच्या वह्यांवरून समजायला सोपं गेलं. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीखालची पेवं होती. कुणाची हळद कितव्या पेवात आहे, याची नोंद दुकानातल्या वहीत. माल पेवात आणि नोंद वहीत, या दोन गोष्टी एकाच क्षणी होऊ शकत नाहीत. आधी एक होणार, मग दुसरी. मधल्या वेळात दिवाणजीला घेरी आली तर? फाइल सिस्टिमचं निम्मं शास्त्र या ‘तर’भोवती फिरतं.

लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लायनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानं केली. फाइल सिस्टिम त्यानं मिनिक्स या शिकवण्यासाठी बनवलेल्या प्रणालीकडून उसनी घेतली होती. तिला ६४ मेगाबाइटच्या पलीकडे जागा मोजता येत नसे आणि फाइलचं नाव चौदा अक्षरांत बसवावं लागे. १९९२ मध्ये रेमी कार्ड यांनी ईएक्सटी लिहिली आणि १९९३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती, ईएक्सटी-२, आली. ती साधी होती, वेगवान होती आणि बरीच वर्षं लिनक्सची मुख्य फाइल सिस्टिम होती. पण तिच्यात कीर्द नव्हती.

कीर्द-खतावणी हा शब्द नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत लिहायचा, जसा घडला त्याच क्रमानं. मग तो ज्याच्या त्याच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत न्यायचा. मधेच काम थांबलं तर कीर्द उघडून पाहायची : कोणती नोंद खात्यावर जायची राहिली? तेवढीच न्यायची. ईएक्सटी-२ थेट खतावणीतच लिहीत असे. एक फाइल वाढली की तिच्या खात्यात बदल, रिकाम्या खणांच्या नकाशात बदल, फोल्डरच्या यादीत बदल, असे तीन-चार ठिकाणी हात लावावे लागतात. त्यातले दोन झाले आणि लाइट गेली, की वह्या एकमेकींशी भांडायला लागतात. मग संगणक सुरू होताना सगळी डिस्क पहिल्या पानापासून तपासावी लागे. डिस्क लहान होत्या तोवर हे चाललं. मोठ्या झाल्यावर या तपासणीत तासच्या तास जाऊ लागले.

यावर ईएक्सटी-३ आली. स्टीफन ट्वीडी यांनी जुन्या ईएक्सटी-२लाच कीर्द जोडून दिली आणि २००१च्या नोव्हेंबरमध्ये ती लिनक्सच्या मुख्य आवृत्तीत दाखल झाली. जुनी डिस्क न पुसता, आहे तिच्यावरच कीर्द सुरू करता येत होती, हे तिच्या लोकप्रियतेचं मोठं कारण. मात्र कीर्द नेमकं काय जपते, हे इथे नीट पाहिलं पाहिजे. सहसा कीर्दीत मालाची नोंद असते, माल नसतो. वह्या जुळतील याची हमी कीर्द देते. पेवात हळद असेल याची हमी देतेच असं नाही.

ईएक्सटी-३मध्ये यासाठी तीन पद्धती होत्या. पहिली, मालसुद्धा आधी कीर्दीतच उतरवायचा आणि मग जागेवर न्यायचा. सर्वांत सुरक्षित, पण प्रत्येक गोष्ट दोनदा लिहावी लागते. दुसरी, माल आधी पेवात टाकायचा आणि तो पडल्यावरच कीर्दीत नोंद पक्की करायची. तिसरी, नोंद केव्हाही, माल केव्हाही. ही सर्वांत वेगवान, पण हिच्यात एक विचित्र धोका आहे. वहीत लिहिलेलं असतं की पाचव्या पेवात तुमची नवी हळद आहे, आणि पेव उघडावं तर आत दुसऱ्याच कुणाचा जुना माल. संगणकावर याचा अर्थ असा की तुमच्या फाइलमध्ये दुसऱ्याच्या पुसलेल्या फाइलचे तुकडे दिसू शकतात. ईएक्सटी-३ मुकाट्यानं मधली पद्धत वापरत असे आणि दर पाच सेकंदांनी कीर्द पक्की करत असे. या दोन सवयींमुळे ती भरवशाची ठरली.

त्याच काळात दुसरे भिडूही मैदानात होते. हान्स रायझर यांची रायझर-एफएस २००१च्या सुरुवातीलाच, म्हणजे ईएक्सटी-३च्याही आधी, कीर्दीसह लिनक्समध्ये आली होती. हजारो लहान फाइली कमी जागेत बसवण्यात तिचा हात कुणी धरत नसे. दुसरी एक्सएफएस. ती सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीनं १९९४ मध्ये आपल्या बलाढ्य यंत्रांसाठी बाहेर काढली होती आणि पुढे लिनक्सला देऊन टाकली. अतिप्रचंड फाइली आणि एकाच वेळी लिहिणारे पुष्कळ हात, हे तिचं बलस्थान. पण लाइट गेल्यावर तिच्याबाबत एक तक्रार नेहमी ऐकू येई : फाइलची लांबी बरोबर, पण आत नुसती शून्यं. लांबीची नोंद आधी पक्की व्हायची आणि माल मागून यायचा, त्याचा हा परिणाम. पुढे तिच्या कर्त्यांनी हा क्रम दुरुस्त केला. २०१४ पासून रेड हॅटच्या व्यावसायिक लिनक्समध्ये एक्सएफएस हीच मूळ निवड आहे, यावरून तिनं कमावलेला विश्वास कळतो.

आता माझ्या ओव्यांकडे येतो. भाच्यानं बसवलेली होती ईएक्सटी-४. डिसेंबर २००८ मध्ये तिच्यावरचा ‘प्रयोगाधीन’ हा शिक्का निघाला होता, म्हणजे माझा अपघात झाला तेव्हा ती दोन महिन्यांचं बाळ होती. तिच्यात एक हुशार युक्ती होती. तुम्ही लिहायला सांगितलं की ती लगेच खण ठरवत नसे. थोडा वेळ माल हातातच, म्हणजे स्मृतीत ठेवी. अजून किती येतंय ते पाहून मग सलग मोठी जागा देई. त्यामुळे फाइलचे तुकडे कमी होतात आणि वेग वाढतो. पण हा ‘थोडा वेळ’ अर्ध्या मिनिटाचा, कधी त्याहून जास्तही असे.

माझ्या लेखन-प्रोग्रामनं काय केलं असेल? जुनी फाइल रिकामी केली आणि नवा मजकूर लिहायला दिला. फाइल रिकामी झाल्याची नोंद पाच सेकंदांत कीर्दीत पक्की झाली. नवा मजकूर मात्र जागेची वाट बघत स्मृतीत थांबला. तेवढ्यात लाइट गेली. जुनं पुसलेलं, नवं पोचलेलं नाही. वह्या एकमेकींशी शंभर टक्के जुळत होत्या. त्यात खरंच लिहिलेलं होतं : शून्य.

असा अनुभव आलेला मी एकटा नव्हतो. २००९च्या सुरुवातीला अनेकांनी अशाच रिकाम्या फाइलींच्या तक्रारी केल्या आणि मोठा वाद झाला. ईएक्सटी-४चे प्रमुख कर्ते थिओडोर त्सो यांचं म्हणणं असं होतं : प्रोग्रामनं ‘लिही’ म्हटलं की ते लगेच डिस्कवर जाईल, असं वचन कुठल्याच नियमात नव्हतं. ज्याला खात्री हवी त्यानं ‘एफसिंक’ ही आज्ञा द्यावी. ही आज्ञा म्हणजे पोच मागणं. माल पोचल्याशिवाय ती परत येत नाही. प्रोग्रामवाल्यांचं म्हणणं होतं की ईएक्सटी-३वर पोच मागितली की ती इतर सगळ्यांचाही थकलेला माल आधी पोचवत बसे आणि यंत्र अडकून पडे. म्हणून आम्ही पोच मागणं सोडलं. शिवाय पाच सेकंदांच्या सवयीनं आमचं निभावतही होतं. दोघांचंही खरं होतं. अखेर त्सो यांनी तडजोड केली. जुन्या फाइलच्या जागी नवी येत असेल, तर ईएक्सटी-४ तो माल न रेंगाळवता पोचवू लागली. २००९च्या मध्यात ही दुरुस्ती मुख्य आवृत्तीत आली. मला चार महिने उशिरा.

मी पुन्हा अम्मीसमोर बसलो. तिला राग आला नाही. ती म्हणाली, ‘‘फिरून सांगते, त्यात काय!’’ पण ओव्या तशाच आल्या नाहीत. कुठे शब्द बदलला, कुठे सासरच्या जागी माहेर आलं, काही आल्याच नाहीत. एकशे बारांपैकी पंच्याऐंशी हाती लागल्या. या वेळी मी शहाणपण केलं. तिचा आवाजच ध्वनिमुद्रित करून ठेवला आणि त्याच्या दुसऱ्या डिस्कवर प्रतीही काढल्या. २०१३ मध्ये अम्मी गेली.

२०१७ मध्ये माझ्या बहिणीनं, आपानं, ते मुद्रण ऐकायला मागितलं. नवव्या फाइलमध्ये एका ओवीच्या मधोमध अचानक कर्कश खरखर झाली आणि एक शब्द गेला. पाऊण सेकंदाचा मामला. मी दुसऱ्या डिस्कवरची प्रत लावली. तिथेही तीच खरखर, त्याच शब्दावर. कधीतरी मूळ फाइल बिघडली होती आणि पुढे दर वर्षी मी त्या बिघडलेल्या फाइलचीच प्रत इमानेइतबारे काढत आलो होतो. डिस्कनं कधी तक्रार केली नव्हती. लाइटही गेली नव्हती. हा बिघाड निःशब्द होता.

कीर्द इथे काहीच करू शकत नाही. व्यवहार पूर्ण झाला, नोंद बरोबर आहे, माल पेवात आहे, पण आतल्या आत किडला आहे. हे ओळखायला दुसरी विद्या लागते. शाळेत गुणाकार केल्यावर आपण ताळा पाहायचो. फाइल सिस्टिममध्येही प्रत्येक खणातल्या मजकुरावरून गणितानं एक छोटा आकडा काढता येतो. पुढे तो खण वाचताना आकडा पुन्हा काढायचा आणि जुळतो का पाहायचं. जुळला नाही तर माल बिघडला.

या ताळ्याच्या पायावर पूर्ण फाइल सिस्टिम उभारण्याचं गाजलेलं काम सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत झालं. जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये झेडएफएसची सुरुवात केली आणि २००५ मध्ये तिचा उगम-संकेत खुला झाला. तिच्यात दोन मोठ्या गोष्टी आहेत. पहिली, खणाचा ताळा त्याच खणात ठेवायचा नाही. त्या खणाचा पत्ता जिथे लिहिलेला असतो, त्या वरच्या पानावर ठेवायचा. वरच्या पानाचा ताळा त्याच्याही वरच्या पानावर, असं थेट मुळापर्यंत. यात मोठं शहाणपण आहे. समजा डिस्कनं नवा मजकूर लिहिलाच नाही आणि जुनाच खण राहिला. त्याचा ताळा त्याच्याजवळच असता तर जुना मजकूर आणि जुना ताळा एकमेकांना साक्ष देत बसले असते. साक्षीदार वेगळ्या घरातला असला की खोटं उघडं पडतं.

दुसरी गोष्ट, लिहिलेल्यावर खाडाखोड करायची नाही. बदल झाला की नवं पान घ्यायचं, त्यावर लिहायचं, मग त्याचा पत्ता सांगणारं वरचं पान नवं करायचं आणि सगळ्यात शेवटी मुख्य अनुक्रमणिका एका झटक्यात नव्या पानाकडे वळवायची. मधे लाइट गेली तर अनुक्रमणिका अजून जुन्याच पानाकडे बोट दाखवत असते आणि जुनं पान शाबूत असतं. त्यामुळे निराळ्या कीर्दीवाचूनही वह्या जुळलेल्या राहतात.

झेडएफएसचा परवाना आणि लिनक्सचा परवाना यांचं जमत नाही असं मानलं जातं, म्हणून ती लिनक्सच्या मुख्य गाभ्यात नाही. वेगळी घेऊन जोडावी लागते. गाभ्यात याच धर्तीची आहे ती बीटीआरएफएस, जिला जाणकार लाडानं ‘बटर एफएस’ म्हणतात. ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ती सुरू केली आणि २००९ मध्ये ती लिनक्समध्ये आली. तिचं बालपण फार धडपडीचं गेलं. अनेक डिस्कांवर हिशेबानं माल वाटण्याच्या तिच्या दोन पद्धती, ज्यांना रेड-५ आणि रेड-६ म्हणतात, आजही महत्त्वाच्या कामासाठी वापरू नका, असं तिचे कर्तेच सांगतात. रेड हॅटनं ती २०१७ मध्ये सोडून द्यायचं ठरवलं. उलट सुसेनं २०१४ पासून तीच मूळ निवड केली आणि २०२० मध्ये फेडोराच्या डेस्कटॉपनंही तिला जवळ केलं. एकाच वस्तूबद्दल जाणत्यांची अशी दोन मतं असू शकतात.

ईएक्सटी-४ आणि एक्सएफएस यांनीही पुढे ताळा स्वीकारला, पण फक्त वहीपुरता. ईएक्सटी-४नं २०१२ मध्ये, एक्सएफएसनं २०१३ मध्ये. मालाचा ताळा त्या पाहत नाहीत. म्हणजे पाचव्या पेवाची नोंद कुणी बिघडवली तर त्यांना कळेल, पेवातली हळद किडली तर कळणार नाही. माझ्या आईचा तो शब्द त्यांना सापडला नसता.

पण ताळा पाहून बिघाड कळतो, दुरुस्त होत नाही. हा फरक मला मशिदीत उमगला. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात हाफिज कुराण तोंडपाठ म्हणतो. त्याच्या मागे बहुधा दुसरा हाफिज उभा असतो. म्हणणारा अडखळला किंवा चुकला की मागचा लगेच बरोबर शब्द पुरवतो. त्याला आम्ही लुकमा देणं म्हणतो. रांगेतल्या इतरांना काहीतरी चुकलं एवढं कदाचित जाणवतं, पण बरोबर शब्द द्यायला दुसरा पाठ असलेला माणूसच लागतो. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस एकाच डिस्कवर असेल, तर खराब मजकुराबद्दल ती बहुतेक वेळा एवढंच सांगते : हा खण बिघडला आहे, मी देणार नाही. लोक चिडतात. साध्या फाइल सिस्टिमनं निदान फाइल उघडून तरी दिली असती, म्हणतात. हो, दिली असती, खोटा शब्द घालून. दोन डिस्कांवर दोन प्रती असतील तर मात्र ती दुसरीकडून बरोबर खण आणून पहिला दुरुस्त करते.

या खरेपणाची गरज किती खोल आहे, हे २०१८ मध्ये पुन्हा दिसलं. पोस्टग्रेस हा नावाजलेला डेटाबेस. त्याच्या कर्त्यांच्या ध्यानात आलं की एफसिंक करताना डिस्कवर लिहिणं फसलं तर लिनक्स एकदा चूक कळवतं, पण तो न पोचलेला मजकूर ‘पोचला’ अशा खुणेनं बाजूला ठेवतं. दुसऱ्यांदा पोच मागितली की ‘सगळं ठीक’ असं उत्तर येतं. वीस वर्षं त्यांचा प्रोग्राम दुसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवत आला होता. शेवटी त्यांनी ठरवलं की पोच एकदा नाकारली गेली की काम तिथेच थांबवायचं आणि आपल्या स्वतःच्या कीर्दीवरून पुन्हा उभं राहायचं. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी अकरा नामांकित प्रोग्राम तपासले होते. यंत्र मधेच बंद पडलं तर माल गमावण्याच्या साठ जागा त्यांना सापडल्या. दोष एकट्या फाइल सिस्टिमचा नव्हता. कोण कशाची हमी देतं, याबद्दल दोन्ही बाजूंच्या समजुती वेगळ्या होत्या. सोसायटीच्या बैठकीत ‘तुम्ही करणार होतात ना?’ म्हणतात, तसंच.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. फाइल सिस्टिम माणसं सांभाळतात. रायझर-एफएसचे कर्ते २००८ मध्ये पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरले, त्यांची कंपनी बंद पडली, सांभाळणारे हात कमी होत गेले आणि २०२५ मध्ये ती लिनक्समधून काढून टाकण्यात आली. बीकॅश-एफएस ही नवी, ताळा पाहणारी फाइल सिस्टिम २०२४ मध्ये मोठ्या आशेनं आत आली. पण दुरुस्त्या केव्हा आणि कशा पाठवायच्या, यावरून तिचे कर्ते आणि टोरव्हाल्ड्स यांचं बिनसलं आणि २०२५ मध्ये तीही गाभ्याबाहेर गेली. वीस वर्षं टिकवायचं असेल, तर आराखड्याइतकंच मागे कोण उभं आहे हेही पाहावं लागतं. ईएक्सटीचं घराणं आज तीस वर्षांहून अधिक काळ टिकलं, त्याचं एक कारण तिच्यामागे सतत कुणीतरी उभं होतं.

मग घ्यावी कोणती? मला हे विचारतात तेव्हा मी उलट विचारतो, तुम्हाला भीती कशाची आहे? रोजचं साधं काम असेल, तर ईएक्सटी-४. तिच्या खोडी आता सर्वांना माहीत आहेत आणि बिघडली तर दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. मोठमोठ्या फाइली असतील, तर एक्सएफएस. जे पुन्हा मिळणार नाही आणि वर्षानुवर्षं पडून राहणार आहे, आवाज, छायाचित्रं, जुने कागद, ते झेडएफएसवर किंवा बीटीआरएफएसवर, दोन डिस्कांवर दोन सरळ प्रतींसह. आणि कोणतीही घेतली तरी एक प्रत दुसऱ्या गावात. २००५च्या महापुरानं सांगलीकरांना हे शिकवलं आहे. शेजारशेजारच्या दोन पेवांत माल ठेवला, म्हणून पाणी एकाला सोडून दुसऱ्यात शिरत नाही.

माझ्या घरी आता दोन डिस्कांवर बीटीआरएफएस आहे. तिसरी प्रत आपाकडे मिरजेला असते आणि ती वर्षातून दोनदा बदलतो. भाच्यानं अशी व्यवस्था केली आहे की दर महिन्याच्या पहिल्या तारखेला संगणक सगळ्या खणांचा ताळा आपणहून पाहतो. आणि लिहून झालं की मी छापून ठेवतो. कागद आता रद्दीत जात नाहीत.

तो हरवलेला शब्द मात्र कुठल्याही यंत्रानं परत दिला नाही. मुद्रण ऐकताना आपा खरखरीपाशी थांबली. मग तिनं हात जात्याच्या खुंट्यावर असल्यासारखा गोल फिरवला, मागची ओळ गुणगुणली आणि शब्द आला. तिच्याही कानांवर लहानपणी त्याच ओव्या पडल्या होत्या. गेलेल्या सत्तावीसपैकी अकरा ओव्या तिनं अशाच दिल्या. बाकीच्या सोळा कुणाकडेच नाहीत.

दर महिन्याला ताळ्याचा अहवाल पडद्यावर येतो. मी चष्मा लावून शेवटची ओळ वाचतो. तिथे चुकांची संख्या लिहिलेली असते : शून्य. ते शून्य पाहून आता मला हायसं वाटतं. पण त्याआधी क्षणभर ते दुसरं शून्यही आठवतं.